वंशावळीत न सापडणारी माणसे

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुष्कळ जुन्या घरांतून वंशावळ जपून ठेवलेली असते. कुठे ती तांबड्या फडक्यात बांधलेल्या पोथीच्या शेवटच्या पानावर असते, कुठे एखाद्या हौशी आजोबांनी ती वृक्षाच्या आकारात काढून चौकटीत बसविलेली असते. बुंध्याशी मूळपुरुष, वर त्याचे तीन पुत्र, त्यांचे सात, आणि शेंड्याला हल्लीची मुले. घरातील मंडळी पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवितात. दहा-बारा पिढ्यांच्या त्या विस्तारात एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या झाडावर बाई नाही. पुरुषांपासून पुरुष जन्मले आणि वंश चालला, असाच त्या कागदाचा अर्थ होतो. निपुत्रिक काका तेथे एका शून्यात संपतो, दत्तक गेलेला मुलगा दुसऱ्या झाडाच्या स्वाधीन होतो, आणि लेकी तर नसतातच.

ही माणसे पुन्हा भेटावयाची तर दुसऱ्या प्रकारच्या कागदांकडे वळावे लागते. त्यांतले दोन प्रकार हा आजचा विषय आहे: जुनी मृत्युपत्रे आणि चर्चच्या नोंदवह्या. दोन्हींचा उगम युरोपात असला तरी गोमंतकाच्या भूमीत त्यांनी चारशे वर्षे मूळ धरलेले आहे, आणि त्यांतील माणसे आपल्याच गावांतील आहेत.

आरंभ एका परिचित घरापासून करणे सोयीचे होईल. शेक्सपिअरचे घर मराठी वाचकाला परके नाही. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३८ साली, टॉमस क्रॉमवेलने असा हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. लोकांना प्रथम ही नव्या कराची पूर्वतयारी वाटली. सरकार माणसे मोजू लागले म्हणजे रयतेला तसे वाटतेच. स्ट्रॅटफर्ड गावाची उपलब्ध वही १५५८ पासूनची आहे, आणि तीत २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. परंतु आज जे पान कौतुकाने दाखविले जाते ते त्या दिवशी लिहिलेले नव्हे. १६०० च्या सुमारास जुन्या वहीवरून चर्मपत्रावर उतरवून काढलेली ती नक्कल आहे. जगातील सर्वांत प्रसिद्ध नोंदीची ही स्थिती. मग इतर नोंदींच्या बाबतीत ‘मूळ कागद’ हा शब्द किती जपून वापरावा, हे सांगावयास नको.

त्याच्या पत्नीचे प्रकरण तर अधिक बोधप्रद आहे. तिचा जन्म गावची वही सुरू होण्याआधीचा, म्हणून तिच्या बाप्तिस्म्याची नोंद नाही. १६२३ साली ती वारली तेव्हा तिचे वय ६७ होते असे थडग्यावर कोरले आहे, त्यावरून जन्मसाल काढावयाचे. विवाहाची नोंदही चर्चच्या वहीत मिळत नाही. मिळतात ती वुस्टरच्या बिशपच्या दप्तरातील विवाहाच्या परवान्यासंबंधीची दोन टिपणे. २७ नोव्हेंबर १५८२ च्या टिपणात वधूचे नाव ‘अॅन व्हॉटली, राहणार टेम्पल ग्राफ्टन’ असे आहे आणि दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात ‘अॅन हॅथवे, राहणार स्ट्रॅटफर्ड’ असे. या एका विसंगतीवर चरित्रकारांनी दुसऱ्या प्रेयसीची कादंबरी उभारली. कारकुनाच्या हातून चुकीचे नाव पडले असावे, ही साधी शक्यता त्या मानाने नीरस असल्यामुळे मागे राहिली. आता तिच्या वडिलांचे १५८१ चे मृत्युपत्र पाहावे. त्यांत तिच्यासाठी दहा मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, लग्नाच्या दिवशी द्यावेत असे लिहिले आहे; आणि तेथे तिचे नाव आहे अॅग्नेस. त्या काळी अॅन आणि अॅग्नेस ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरीत. बापाने मुलीच्या नावे काही ठेवले नसते तर ती कोणाची कोण, हे ठरविणे आज कठीण गेले असते.

शेक्सपिअरच्या स्वतःच्या १६१६ च्या मृत्युपत्रात याच पत्नीला ‘दोन नंबरचा उत्तम पलंग’ दिलेला आहे. त्यावर चारशे वर्षे थट्टा चालू आहे. वंशशोधकाने थट्टेत भाग घेण्याचे कारण नाही. मृत्युपत्रात जे लिहिलेले असते ते कायद्याने किंवा रूढीने आपोआप मिळणाऱ्या वाट्याच्या वरचे असते, किंवा त्याहून वेगळे असते. तेव्हा कागदात न लिहिलेला कायदा कोणता होता हे कळल्यावाचून लिहिलेल्या पलंगाचा अर्थ लागत नाही. गोव्यातील मृत्युपत्रे वाचताना हे सूत्र पदोपदी उपयोगी पडते.

इंग्लंडच्या हुकुमानंतर पंचवीस वर्षांनी, १५६३ साली, कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाहाची नोंद ठेवणे प्रत्येक पाद्रीवर बंधनकारक केले. वधूवर आणि साक्षीदार यांची नावे, दिवस आणि ठिकाण वहीत लिहावे असा तो दंडक. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांचीही वही त्यात घातली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात येऊन अर्धे शतक झाले होते आणि १५४३ पासून बारदेश व सासष्टी हे महालही त्यांच्याकडे होते. त्यामुळे ट्रेंटची वही तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीच्या गावोगावी आली. सोळाव्या शतकातील पाने आज क्वचितच हाती लागतात. पावसाळी हवा, वाळवी आणि शाईतील लोहाने कुरतडलेला कागद यांनी आपला वाटा घेतला आहे. पुढच्या शतकांतील वह्या मात्र बऱ्याच टिकल्या. त्यांतील मोठा साठा पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. त्या संस्थेचा आरंभ १५९५ सालचा, आणि तिचे पहिले दप्तरदार इतिहासकार दियोगु द कौतु. आपल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरखान्यात आयुष्य वेचले.

चर्चच्या वहीतील एक सामान्य नोंद कशी असते? बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव आणि वाडा, शेवटी धर्मपिता व धर्ममाता. पुढच्या काळातील नोंदींतून आजोबा-आजींची नावेही येतात, दोन्हीकडची. घरच्या वंशावळीत जी आई नाही ती येथे आहे. तिचे माहेरचे गाव आहे, तिची आई आहे. धर्ममाता बहुधा आत्या, मावशी किंवा शेजारीण असते, आणि चार भावंडांच्या चार नोंदी शेजारी ठेवल्या की बाईच्या माहेरची माणसे एकेक करून पुढे येतात. अशा वेळी शोधकाला आपल्या आडनावाचाच माग काढण्याची सवय सोडावी लागते. जुन्या वह्यांची सूची पुष्कळदा आडनावाने नसून पाळण्यातील नावाने असते, हेही ध्यानात ठेवावे. नाहीतर ‘आमचे नावच वहीत नाही’ म्हणून माणूस परत फिरतो.

परंतु या वाटेवर एक भिंत आहे. धर्मांतराच्या वेळी नव्या ख्रिस्ती माणसाला आडनाव मिळे ते बहुधा धर्मपित्याचे. आणि धर्मपिता असे एखादा पोर्तुगीज अधिकारी वा सरदार. एका गावातील दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते निराळे असले तर त्यांची आडनावे निराळी झाली. उलट एकाच मातब्बर अधिकाऱ्याने अनेकांना हात दिला असेल तर एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नसलेली घरे एकाच आडनावाची झाली. लिस्बनमध्ये त्याच आडनावाचा उमराव सापडला म्हणून त्याला पूर्वज मानणे हा भाबडेपणा आहे, पण तो भाबडेपणा फार लोकप्रिय आहे.

ही भिंत ओलांडता येत नाही. तिला वळसा घालता येतो. तो वळसा जमिनीवरून जातो. गोव्यातील गावे गावकरीची होती. मूळ वसाहतदारांच्या वंशजांचे गट म्हणजे वांगड, आणि सामाईक जमिनीच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा म्हणजे जोण. माणसाचा धर्म बदलला, नाव बदलले, तरी वांगड बदलला नाही, कारण वांगड बदलला तर वाटा गेला असता. १५२६ साली आफोंसु मेशिया याने गावकऱ्यांचे हक्क आणि रूढी लेखी नोंदवून घेतल्या. पुढे कोमुनिदाद या नावाने ही संस्था चालू राहिली आणि जोण घेणाऱ्यांची नोंद होत राहिली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात या गावसंस्थेचा केलेला अभ्यास वंशशोधकानेही वाचण्यासारखा आहे. सासष्टीतील कुंकळ्ळीचे उदाहरण घ्या. तेथील शांतादुर्गा फातर्प्याला गेली, १५८३ च्या संघर्षात गावाने मोठी किंमत मोजली, गाव पुढे ख्रिस्ती झाले. तरी देवीच्या छत्रोत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि ख्रिस्ती गावकऱ्यांचाही त्या उत्सवाशी संबंध राहिलेला आहे. चर्चच्या वहीने जो धागा तोडला तो येथे छत्रीच्या दांड्याला बांधलेला सापडतो.

मात्र गावकरीची वही पुन्हा पुरुषांचीच. जोण पुरुषाला मिळे. १५२६ च्या त्या लेखातील रूढीप्रमाणे वारसा पुत्राकडे जाई, मुलीकडे नव्हे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेने यावर एक उपाय काढला: हिंदू स्त्री ख्रिस्ती झाली तर तिला वारसा मिळेल. यांत न्याय किती आणि आमिष किती, हे वेगळे करणे आज अशक्य आहे. प्रियोळकरांसारख्या अभ्यासकांनी त्या काळच्या जुलमाचे जे चित्र पुराव्यानिशी मांडले आहे ते डोळ्यांआड करून या कायद्याचे कौतुक करता येणार नाही. पण कोणा एका विधवेने किंवा निपुत्रिक बापाच्या लेकीने तो निर्णय कशासाठी घेतला असेल, याचा विचार तिच्या वंशजाने, मग तो आज कोणत्याही देवळाच्या पायरीवर उभा असो, एकदा तरी करावयास हवा.

आता मृत्युपत्राकडे येऊ. पोर्तुगीज कायद्यात माणसाला आपली सगळी मिळकत मर्जीप्रमाणे देता येत नसे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. त्यानुसार मिळकतीचे दोन तृतीयांश सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवलेले होते. १९१० च्या फर्मानाने ते प्रमाण निम्मे झाले. मुलगा आणि मुलगी या वारशात समान. २०१२ चा गोव्याचा नवा वारसा कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला, तरी त्यानेही राखीव वाट्याचे हे तत्त्व सोडलेले नाही. वंशशोधकाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. कोणालाही सहजासहजी वगळता येत नाही, म्हणून कोणाचेही नाव सहजासहजी गळत नाही. दूर मुंबईला राहणारा मुलगा, लग्न होऊन गेलेली लेक, मृत मुलाची अज्ञान मुले, सगळी कागदावर येतात. मृत्युपत्रापेक्षाही भरघोस असते ते इन्व्हेंटार, म्हणजे मृत्यूनंतर न्यायालयात होणारी मालमत्तेची आणि वारसांची मोजदाद. त्यांत नारळाची झाडे असतात, भातशेती असते, पितळेची भांडी असतात, आणि प्रत्येक वारसाचे नाव, वय व वैवाहिक स्थिती असते. मृत्युपत्र करणारा काही लपवू शकतो. इन्व्हेंटारमध्ये लपविणाऱ्याला दुसरा वारस उघडे पाडतो! भांडखोर कुटुंबांचे पूर्वज शोधणे त्यामुळे सोपे जाते. सलोख्याने वाटणी करणाऱ्यांनी वंशजांवर थोडा अन्यायच केला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या ख्रिस्ती मृत्युपत्रांचा आरंभ आत्म्यापासून होतो. आपल्या आत्म्यासाठी किती मिस्सा म्हणाव्यात, कोणत्या बंधुसंघाला काय द्यावे, शव कोठे पुरावे. मग घर येते, आणि घराबरोबर घरातील चाकरमाणसे. येथे वाचणाऱ्याने मन घट्ट करावयास हवे. गोव्यातील सधन घरांतून गुलाम होते, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेलेही होते. मृत्युपत्रात मालक कोणाला मुक्त करतो, कोणाला मुलाच्या हवाली करतो. या गुलामांचेही बाप्तिस्मे होत, आणि चर्चच्या वहीत त्यांना आडनाव नसते, कोणाच्या मालकीचे एवढेच असते. ‘बाप अज्ञात’ असा शेरा असलेल्या मुलांच्या नोंदी असतात. अशी नोंद समोर आली की वंशशोधक सहसा पान उलटतो. त्याला शोधावयाचा असतो तो देसाई, सरदार, निदान गावकर. पण ज्या घरात ‘बाप अज्ञात’ असलेले मूल वाढले त्या घराचा इतिहास ते पान उलटल्याने पूर्ण होत नाही. देवळांच्या आश्रयाने राहिलेल्या, आईच्याच नावाने चाललेल्या गोमंतकीय घराण्यांनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. आणि संगीतापासून साहित्यापर्यंत या भूमीला जे वैभव त्यांनी दिले त्याची वंशावळ काढावयाची तर ती आईपासूनच काढावी लागेल.

हिंदू कुटुंबांचा माग चर्चच्या वहीत अर्थातच नाही. त्यांच्यासाठी जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू होते. त्यामागे जावयाचे तर नोटरीची दप्तरे, देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि घरातील मोडी कागद. कुलदैवत हा तर मोठाच पुरावा. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी रायेहून शिरोड्याला. देव ज्या गावाहून उठला त्या गावात किंवा त्याच्या आसपास भक्ताचेही मूळ असण्याचा संभव असतो. बेळगाव, कारवार वा इंदूर येथील घराला आपले गोव्यातील गाव ठाऊक नसले तरी कुलदेवता ठाऊक असते, आणि तेवढ्यावर शोध सुरू करता येतो.

या नोंदी वाचताना लेखनाची एक अडचण येते. पोर्तुगीज कारकून कोकणी उच्चार ऐकून आपल्या पद्धतीने लिही. ‘श’साठी तो ‘एक्स’ हे अक्षर घालतो, म्हणून शंकर ‘एक्स’च्या पानावर सापडतो. ‘के’ लिहिताना तो ‘क्यू’ने आरंभ करतो, म्हणून केशव ‘के’ या अक्षराखाली मिळत नाही. प्रभूचे पोरोबो होते, शेणैचे सिनाय, कामतचे कामोतीं. एकाच माणसाच्या जन्मनोंदीत, लग्नाच्या कागदात आणि विक्रीखतात नाव तीन तऱ्हांनी येते. पूर्वी हा विद्वानांच्या गमतीचा विषय होता. अलीकडे १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी याच वह्यांकडे धाव घेऊ लागल्यापासून एकेका अक्षराला विलक्षण किंमत आली आहे. आजोबांची जन्मनोंद शोधावयास गेलेल्या तरुणाला तिच्याबरोबर आजोबांच्या आईचे नाव प्रथमच कळते, हा त्या धावपळीतील अनपेक्षित लाभ होय.

एक अडसर मात्र कोणत्याही दप्तरखान्यात सुटत नाही. आपल्याकडे लग्नात वधूचे नावच बदलण्याची रूढी होती. जन्मनोंदीतील द्वारका विवाहानंतर लक्ष्मी होते, आणि मुलांच्या नोंदीत, इन्व्हेंटारमध्ये, मृत्यूच्या वहीत ती लक्ष्मीच राहते. द्वारका आणि लक्ष्मी या एकच, हे सांगणारा कागद बहुधा विवाहनोंदणीचा एकच असतो, तोही मिळाला तर. म्हणून मृत्युपत्रे आणि वह्या पाहावयास पणजीला जाण्यापूर्वी शोधकाने घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे. तिचे पाळण्यातले नाव विचारावे, तिच्या आईचे विचारावे, सासूचे विचारावे. तिघींची माहेरची गावे आणि माहेरची कुलदैवते लिहून घ्यावीत. उत्तरे देताना ती मध्येच एखाद्या लहानपणी गेलेल्या भावंडाचे किंवा कोणी परत न आलेल्या आत्याचे नाव घेईल. ते नावही त्याच कागदावर, वर्षासह, लिहून ठेवावे.